१७ सप्टेंबरला संपणारे चित्रपट

आपल्या बीदर-कलबुर्गी भागाच्या इतिहासावर चित्रपट फार निघत नाहीत. निघाला तर त्यात आपलं गाव, आपली बोली, आपली माणसं नसतात. हैदराबाद, वरंगल, नलगोंडा असतं. तरीही 'रझाकार' आला तेव्हा आमच्या मंडळातल्या बहुतेकांनी तो पाहिला. कुणी थेटरात, कुणी हिंदीतून घरच्या टीव्हीवर. पुढच्या बैठकीत त्यावरून जोरात वाद झाला. एक गट म्हणाला, "इतक्या वर्षांनी कुणीतरी खरं दाखवलं." दुसरा म्हणाला, "हा निवडणुकीचा पिक्चर आहे." दोन्ही बाजू ऐकून घरी आलो आणि मला वाटलं, मुद्दा दोघांच्याही हातून निसटला. म्हणून हा लेख. मतं माझी आहेत, मंडळाची नाहीत.

आधी चित्रपटाविषयी. याटा सत्यनारायण दिग्दर्शित हा तेलुगू चित्रपट १५ मार्च २०२४ ला प्रदर्शित झाला. दुसऱ्याच दिवशी लोकसभा निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या. निर्माते गुडूर नारायण रेड्डी हे भाजपचे तेलंगणातले नेते. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या भूमिकेत आपले मकरंद देशपांडे आहेत, कासिम रझवीच्या भूमिकेत राज अर्जुन आणि सरदार पटेलांच्या भूमिकेत तेज सप्रू. निवडणुकीच्या तोंडावर चित्रपट काढणं हा काही गुन्हा नाही, आणि निर्मात्याचा पक्ष कोणता यावरून चित्रपट खोटा ठरत नाही. तेव्हा तेवढ्यावरून त्याला मोडीत काढणाऱ्यांशी मी सहमत नाही.

कारण त्यात जे दाखवलंय त्याचा गाभा घडलेला आहे. रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. तेलंगणातलं भैरनपल्ली घडलं, तसं आपल्या बीदर जिल्ह्यातलं गोरटाही घडलं. बसवकल्याणजवळच्या या गावात मे १९४८ मध्ये रझाकारांनी हत्याकांड केलं. दोनशेच्या वर माणसं मारली गेली असं तिथं सांगितलं जातं. गोरट्याला २६ मार्च २०२३ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते हुतात्मा स्मारकाचं आणि पटेलांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, १०३ फूट उंचीवर तिरंगा फडकला. तोपर्यंत हे गाव बीदर जिल्ह्याबाहेर किती जणांना माहीत होतं? मराठवाड्यातल्या आपल्या सोयऱ्यांना विचारा. बहुतेकांना माहीत नव्हतं. म्हणजे "आमच्यावर काय गुजरलं ते कुणी सांगितलंच नाही" ही तक्रार खरी आहे. या तक्रारीवर 'रझाकार' उभा आहे, आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येतं ते त्यामुळे.

चित्रपट म्हणून तो मला कच्चा वाटला. एका गावातला अत्याचार, मग दुसऱ्या गावातला, मग तिसऱ्या. मधे दिल्लीतल्या बैठका. माणसं लक्षात राहत नाहीत, जखमा तेवढ्या लक्षात राहतात. राज अर्जुनचा रझवी मात्र डोक्यात बसतो. खरा रझवी हा लातूरचा वकील होता, आपल्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावरचा माणूस. लातुरातला एक वकील इतक्या लोकांना झिंगवून टाकण्याइतका मोठा कसा झाला, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही. त्याला रझवी आयता मोठा मिळतो. राज दुर्गे यांचा 'रझाकार' नावाचाच मराठी चित्रपट २०१५ मध्ये आला होता, त्यात सिद्धार्थ जाधव होता. मराठीत कुणीतरी या विषयाला हात घातला एवढं समाधान त्यानं दिलं, पण तो फारसा चालला नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र मांडणीवर नाही. हे चित्रपट संपतात कुठं, यावर आहे.

"मंग फुडचं?"

तेलुगू 'रझाकार'चा शेवट सगळ्यांना ठाऊक असलेला आहे. भारतीय सैन्य येतं, रझाकार पळतात, निजाम शरण येतो, तिरंगा फडकतो. दिवे लागतात, लोक डोळे पुसत उठतात.

मी तो घरी पाहिला तेव्हा माझी थोरली आत्या शेजारी बसली होती. वय चौऱ्याऐंशी. १९४८ मध्ये ती आठ वर्षांची होती. रझाकारांच्या भीतीनं आमचं घर काही महिने सोलापूरकडं जाऊन राहिलं होतं, त्या बैलगाडीच्या प्रवासाच्या गोष्टी तिनं आम्हाला शंभर वेळा सांगितल्यात. पिक्चर चालू असताना ती अधूनमधून "असंच हुतं बघ" म्हणत होती. शेवटी झेंडा फडकला, नावं वर सरकायला लागली, आणि ती म्हणाली, "मंग फुडचं?"

मी म्हटलं, "संपला की आत्या. मिलिटरी आली, झालं."

ती म्हणाली, "मिलिटरी आल्यावर तर तांबोळ्याचं घर गेलं की रं."

आणि मग चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिनं पहिल्यांदा सांगितलं. आम्ही सोलापूरकडून परत आलो त्यानंतरची गोष्ट. गल्लीतल्या तांबोळ्याला मारलं. त्याची बायको आणि दोन पोरी आमच्या गोठ्यात, कडब्याच्या आड काही दिवस होत्या. आजी रात्री भाकरी नेऊन द्यायची. पोरींतली धाकटी आत्याच्या वयाची. एका रात्री त्यांना कुणीतरी गाडीत घालून नेलं, हैदराबादला म्हणे. परत कुणी आलं नाही. मारणारे कोण होते, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, "गावातलेच. आता त्येंची नातवंडं हाईत, कशाला नावं घ्यायची?"

सोलापूरच्या बैलगाडीची गोष्ट शंभर वेळा आणि कडब्यामागच्या पोरींची गोष्ट एकदा, तीही एका पिक्चरमुळे. आपल्या भागात खरा निषिद्ध विषय कोणता, ते मला त्या दिवशी कळलं. रझाकारी हा आता निषिद्ध विषय राहिलेला नाही. त्यावर भाषणं होतात, स्मारकं होतात, चित्रपट होतात. बोलायचं नसतं ते १७ सप्टेंबरच्या नंतरचं.

त्या पाच दिवसांनंतर

तारखा पुन्हा एकदा पाहू. १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरकडून निघाली, त्याच दिवशी नळदुर्ग घेतला. पुढं उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद, जहिराबाद. म्हणजे आज आपण सस्तापूर बंगल्यावर उतरून बसवकल्याणला वळतो तोच हा रस्ता. राजेश्वरच्या वाटेवर दबा धरून बसलेल्यांवर विमानांतून मारा झाला. १७ तारखेला पहाटे सैन्य बीदरमध्ये शिरलं, संध्याकाळी निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली, १८ ला जनरल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्यापुढं रीतसर शरणागती पत्करली. रणगाडे आणि विमानं वापरलेल्या या मोहिमेला नाव मिळालं 'पोलीस अ‍ॅक्शन'. आपली म्हातारी माणसं अजून तोच शब्द वापरतात.

त्यानंतर खेड्यांमध्ये जे झालं त्याची बातमी दिल्लीपर्यंत गेली. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचं सद्भावना पथक नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरलं. त्यांनी अहवाल दिला. पोलीस अ‍ॅक्शनच्या दरम्यान आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा त्यांचा अंदाज, अगदी हात राखून, २७ हजार ते ४० हजार असा होता. सर्वांत वाईट परिस्थिती असलेले जिल्हे त्यांनी चार सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतच किमान १८ हजार. मारले गेलेले बहुतांश मुसलमान. प्रेतांनी भरलेल्या विहिरी पाहिल्याचं, बायकांना पळवल्याचं, सक्तीच्या धर्मांतराचं त्यांनी लिहिलंय. काही ठिकाणी सैनिकांनी आणि पोलिसांनी लुटीला उत्तेजन दिलं हेही लिहिलंय, आणि सैन्याच्या अधिकाऱ्यांचं वागणं एकंदरीत चांगलं होतं हेही. रझाकारांचे आधीचे अत्याचार ही या सगळ्याची पार्श्वभूमी होती हे त्यांनी लपवलेलं नाही.

हा अहवाल सरदार पटेलांना पटला नव्हता, तो एकांगी आहे असं त्यांचं मत होतं. सरकारनं तो तेव्हा छापला नाही. कितीतरी दशकं तो नुसता ऐकिवात होता. २०१३ च्या सुमारास ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकामुळे सर्वांच्या हाती आला. आकड्यावर वाद घालता येईल. तिघांनी काही आठवड्यांत फिरून केलेला तो अंदाज आहे, मोजदाद नव्हे. पण यादीतल्या चार जिल्ह्यांत आपले दोन्ही जिल्हे आहेत, यावर वाद नाही.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर खरं तर चित्रपट व्हायला हवा. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना वाचवण्यासाठी हिंदू जमावाशी सामना केला आणि त्यात स्वतःचे जीव गमावले. कितीतरी हिंदूंनी पळवलेल्या मुसलमान बायका परत मिळवून द्यायला मदत केली. ही माणसं नायक म्हणून कुठल्या पडद्यावर दिसली? १७ सप्टेंबरला जो चित्रपट संपतो त्यात ती येऊच शकत नाहीत. त्यांचं शौर्य १८ सप्टेंबरनंतरचं आहे.

दोन जुने चित्रपट

कुणी म्हणेल, दोन-अडीच तासांच्या चित्रपटात सगळं कसं बसवणार? बसवता येतं, याचे दोन दाखले जवळच आहेत.

पहिला गौतम घोष यांचा १९७९ चा 'मा भूमी'. तेलुगूच. कृश्न चंदर यांच्या 'जब खेत जागे' या उर्दू कादंबरीवरून केलेला. गद्दर त्यात पडद्यावर गाताना दिसतात. निजाम, देशमुख, वेठबिगार, रझाकार सगळं त्यात आहे. पण सैन्य आल्यावर तो संपत नाही. पळून गेलेला जमीनदार आता नव्या सत्तेची टोपी घालून परत येतो, आणि जमीन कसणाऱ्याची लढाई चालूच राहते. तेलंगणातला शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा १९५१ पर्यंत चालला होता, तेव्हा हे इतिहासाला धरून आहे. 'मा भूमी'ची स्वतःची बाजू ठरलेली आहे, डावी. मला ती सगळी पटत नाही. पण झेंडा बदलल्यावर गावात काय बदललं आणि काय नाही, हे विचारायची हिंमत त्यात आहे.

दुसरा श्याम बेनेगल यांचा 'निशांत', १९७५. पटकथा विजय तेंडुलकरांची, म्हणून आपल्याला तो अधिक जवळचा. काळ १९४५ च्या आसपासचा, निजामी मुलखातलं गाव. जमीनदाराचे भाऊ शाळामास्तरची बायको उचलून नेतात. मास्तर पोलीस, कलेक्टर, वकील सगळ्यांकडं जातो. कुणी ऐकत नाही. शेवटी गाव उठतं. इथपर्यंत आपण गावाच्या बाजूनं असतो, जमीनदार मेला की टाळ्या वाजवायच्या तयारीत. पण तेंडुलकर टाळी वाजवू देत नाहीत. जमाव थांबत नाही. जिचा काहीच दोष नाही ती घरातली सूनही मारली जाते, आणि जिच्यासाठी हे सगळं सुरू झालं ती मास्तरची बायकोही त्या जमावाच्या हातून सुटत नाही.

'निशांत'मध्ये ना रझाकार आहेत ना हिंदू-मुसलमान प्रश्न. तरी १९४८ च्या शरदातलं बीदर-गुलबर्गा समजून घ्यायचं असेल तर मला तोच सर्वांत उपयोगी वाटतो. जुलूम खरा होता. राग खरा होता. आणि रागानं जे केलं तेही खरं होतं. तिन्ही वाक्यं एकाच चित्रपटात मावतात, हे तेंडुलकर-बेनेगलांनी करून दाखवलंय.

हिंदू विरुद्ध मुसलमान एवढंच?

शेवट लवकर आला की आणखी एक घोटाळा होतो. सगळी गोष्ट दोनच रंगांत रंगवावी लागते. प्रत्यक्षात आपल्याकडचं चित्र फार गुंतागुंतीचं होतं.

रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ज्याचा खून झाला तो 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता आणि त्याचं दैनिक उर्दू होतं. ही घटना ऑगस्ट १९४८ ची, पोलीस अ‍ॅक्शनच्या महिनाभर आधीची. उलट तेलंगणात ज्याच्या माणसांनी ४ जुलै १९४६ ला दोड्डी कोमरय्याला गोळी घातली तो विसुनूरचा देशमुख रामचंद्र रेड्डी हिंदू होता. दलितांचे नेते बी. श्याम सुंदर निजाम सरकारच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रसंघात हैदराबादची बाजू मांडायला गेले होते. त्याआधी, १९४७ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी हैदराबादच्या दलितांना निजामाची साथ देऊ नका असं स्पष्ट बजावलं होतं. दोन दलित नेते, दोन वाटा. हेच श्याम सुंदर पुढं १९६८ मध्ये गुलबर्ग्यात भीमसेना काढतात. या एका माणसावर चांगला चित्रपट होईल. पण तो कुठल्याच पक्षाच्या कामाचा नाही.

भाषेचंही तसंच. अशा चित्रपटांत उर्दू आली की समजायचं, आता कुणीतरी मरणार. पण आमच्या आजोबांच्या पिढीनं, हिंदू असो की मुसलमान, शाळा उर्दूत शिकली. १९१८ ला सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमच उर्दू होतं. आमच्या शेताचे जुने कागद आजही उर्दूत आहेत, आणि ते वाचायला आम्ही ज्यांच्याकडं जातो ते गृहस्थ लिंगायत आहेत. स्वातंत्र्यसैनिक तुरुंगातून घरी पत्रं लिहायचे ती किती भाषांत होती, हे या भागातल्या संग्राहकांना मी सांगायला नको. उर्दूला खलनायकाची भाषा करून टाकली की आपण आपल्याच आजोबांना मुके करतो.

आक्षेप

बैठकीत मी हे थोडक्यात बोललो तेव्हा एका जुन्या सदस्यांनी विचारलं, "मग गोरट्याच्या लोकांना काय सांगायचं? तुमचं झालं ते झालं, पण नंतर तिकडचेही मेले?"

प्रश्न रास्त आहे, त्यामागं दुःख आहे. माझं उत्तर असं: गोरट्याच्या लोकांना तसं काहीच सांगायचं नाही. गोरट्याचं दुःख पुढच्या घटनांनी कमी होत नाही. तांबोळ्याच्या पोरींनी गोरट्यात कुणाला मारलं नव्हतं. एकाच्या मरणाची दुसऱ्याच्या मरणाशी वजाबाकी करायची नसते. पण एकाचं स्मारक १०३ फुटी आणि दुसऱ्याची आठवण कडब्यामागं, हे इतिहासाची आवड असणाऱ्यांना तरी खटकायला हवं. उद्या एखाद्यानं फक्त १७ सप्टेंबरनंतरचं दाखवणारा आणि गोरट्याचं नावही न घेणारा चित्रपट काढला, तर त्यावरही मी हेच लिहीन.

दुसरा आक्षेप, जुन्या जखमा उकरू नका, भांडणं लागतील. मला वाटतं भांडणं अर्ध्या गोष्टीनं लागतात. ज्यांच्या घरात दुसरा अर्धा भाग आहे ती माणसं आपल्याच गावात राहतात, तोच चित्रपट पाहतात आणि गप्प बसतात. त्यांची पोरं मोबाईलवर आणखी तिसरंच काहीतरी वाचतात.

१९५६ ला जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडं गेले, भालकी, औराद, हुमनाबाद इकडं राहिले, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. त्याबरोबर १७ सप्टेंबरही वाटला गेला. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, कर्नाटकात विमोचन दिन आणि २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव, तेलंगणात तर सरकार बदललं की नाव बदलतं. तीन राज्यं तीन नावांनी एकच सकाळ साजरी करतात. १८ सप्टेंबरला मात्र तिन्हीकडं काहीच नसतं.

मोठे निर्माते आपल्याकडं कधी येतील सांगता येत नाही. आपल्या मंडळाला चित्रपट काढता येणार नाही, पण मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. १९४८ आठवणारी माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. प्रत्येक तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली असतील. त्यांना रझाकारीचं विचारूच. पण त्यांचं सांगून झालं की मोबाईल बंद करू नये. थोडं थांबून आत्याचाच प्रश्न विचारावा, "मंग फुडचं?" मारणाऱ्यांची नावं नको असतील तर नकोत. वाचवणाऱ्यांची तरी लिहून घेऊ.

मी आत्याचं सांगणं रेकॉर्ड केलंय, एकेचाळीस मिनिटांचं. धाकट्या पोरीचं नाव तिला आठवत नाही. ते आठवलं की फोन करते म्हणालीय.